समुपदेशकांनी क्लायंटच्या गोष्टी रीलवर सांगणं बंद करावं

"परवा माझ्याकडे एक ताई आल्या होत्या..." अशी सुरू होणारी समुपदेशकांची रील्स हल्ली रोज समोर येतात. मागे हळवं संगीत, खाली 'नाव बदलले आहे', शेवटी अपॉइंटमेंटची लिंक. माझं म्हणणं सरळ आहे. नाव बदलून असो की परवानगी घेऊन, ज्याचे उपचार चालू आहेत त्याची गोष्ट सोशल मीडियावर सांगूच नये.

अशा एका रीलमधली 'ताई' मी आहे, म्हणून हे लिहितेय.

बाबा गेल्यानंतर मी कोथरूडमध्ये एका समुपदेशक मॅडमकडे जात होते. बाबांचा नंबर बंद पडू नये म्हणून मी त्यावर रिचार्ज मारत राहिले होते. कधीतरी रात्री तो नंबर लावायचा आणि कपाटात ठेवलेला त्यांचा फोन वाजताना ऐकत बसायचं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. मॅडमना सांगितलं, कारण तिथे बोललेलं तिथेच राहतं असा माझा विश्वास होता. पुढे एकदा मामेबहिणीने फॅमिली ग्रुपवर एक रील टाकलं, "बघून रडूच आलं गं!" त्यात माझी 'स्नेहा' झाली होती, कोथरूडचं 'एक मोठं शहर' झालं होतं आणि बँकेतली नोकरी आयटीतली झाली होती. रिचार्ज आणि कपाट मात्र जसंच्या तसं. संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याने एवढंच विचारलं, "बाबांचा मोबाइल तुझ्याकडे आहे ना?"

पुण्यात माणूस ओळखायला नाव लागतं कुठे? शाळा कुठली, सोसायटी कुठली, कुणाची सून, एवढ्यावर लोक घरापर्यंत पोचतात. आणि परक्यांनी नाही ओळखलं तरी घरचे ओळखतातच. नेमकं त्यांच्यापासून तर ते जपलेलं असतं!

मी मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, "नाव बदललंय ना ताई. कमेंट्स वाचा, किती जणांना धीर आलाय." शिवाय पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला. 'माहितीचा शैक्षणिक हेतूने वापर होऊ शकतो' या ओळीखाली माझी सही होती. रील पुढे काढलं, पण तोवर ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. ते कोण काढणार?

या परवानगीबद्दल मला फार वाटतं. ज्या माणसासमोर आपण ढसाढसा रडलेलो असतो, पुढच्या आठवड्यात ज्याच्याकडे परत जायचं असतं, त्याने विचारल्यावर 'नको' म्हणायला जीभ रेटत नाही. मॅडमना वाईट वाटेल, हाच विचार आधी येतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता याच कारणासाठी उपचार चालू असलेल्या क्लायंटकडे प्रशस्तिपत्र मागायला मनाई करते. आपल्याकडे सेशन झालं की गूगल रिव्ह्यूची लिंक येते. मग त्या रिव्ह्यूखाली कौतुकाने उत्तर येतं, "तुमचं आणि मिस्टरांचं बोलणं सुरू झालं, आनंद वाटला." म्हणजे ही बाई आमच्याकडे येते आणि कशासाठी येते, दोन्ही जगजाहीर.

कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, आणि कलम २४ नुसार तो डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. पण हा कायदा मानसिक आजार असलेल्यांसाठी आहे. वडील गेल्याच्या दुःखात समुपदेशकाकडे गेलेली बाई त्यात कुठे बसते? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्याला आजवर कुणी विचारत नव्हतं. संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात तेही आले, पण त्याची घडी बसायला वेळ लागतोय.

समुपदेशकांनी सोशल मीडियावर येऊच नये असं मी अजिबात म्हणत नाही. पॅनिक अटॅक म्हणजे काय हे मला एका मराठी व्हिडिओतूनच कळलं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या मुलाला रात्री दोन वाजता १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रीलमधून कळला, तर ते रील सोन्याचं आहे. शोक म्हणजे काय, झोप का उडते, औषधाला का घाबरू नये, हे सगळं शिकवा. त्यासाठी माझं कपाट उघडायची गरज नाही.

आता मी ज्यांच्याकडे जाते त्यांनी पहिल्याच भेटीत मराठीत लिहिलेला अर्धा कागद हातात दिला. फ्रेंड रिक्वेस्ट घेणार नाही. तुमचं प्रोफाइल उघडून बघणार नाही. तुमच्याबद्दल नाव बदलूनही कुठे लिहिणार नाही. लक्ष्मी रोडवर समोरासमोर आलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर मीही हसेन. हे वाचून मला जो सुटल्यासारखा श्वास आला, तो हे लिहितानाही आठवतोय.

तुम्ही कुणाकडे जाणार असाल तर असा कागद मागा. नसेल तर तोंडी विचारा. आणि फॉर्ममध्ये ती 'शैक्षणिक हेतू'वाली ओळ असली तर ती खोडून मग सही करा. तसं करता येतं. त्यावर कुणी नाराज झालं, तर पैसे भरण्याआधीच दुसरीकडे जा.