उरलेल्या रिळांवरचं हाँगकाँग

जुना सिनेमा रिस्टोअर करायचा म्हणजे तो कालच शूट केल्यासारखा दिसला पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांनी दिग्दर्शक फ्रूट चॅनचा 'मेड इन हाँगकाँग' ब्लू-रे डिस्कवर पाहावा. हा १९९७चा, हाँगकाँगच्या कँटनीज भाषेतला सिनेमा. २० वर्षांनी, २०१७ मध्ये, इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोव्हाता' या लॅबने त्याची ४के, म्हणजे खूप बारीक तपशील दिसणारी डिजिटल प्रत तयार केली. चित्र स्वच्छ झालंय, पण गुळगुळीत झालेलं नाही. ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, जागच्या जागी आहे. कुठे निळा रंग अंगावर येतो, कुठे हिरवा. काहींना हे खटकेल. मला मात्र मनापासून वाटतं, की हे काम असंच व्हायला हवं होतं.

कारण हा सिनेमाच उरल्यासुरल्यावर उभा राहिलाय. दुसऱ्यांच्या निर्मितींमधून उरलेली, मुदत उलटून गेलेली रिळं चॅनने जमवली, साधारण ८० हजार फूट. पाच जणांचं युनिट, पाच लाख हाँगकाँग डॉलरचं बजेट, कॅमेऱ्यासमोर कधीही न उभी राहिलेली पोरं. स्टार अँडी लाऊच्या कंपनीने पाठबळ दिलं म्हणून हे जमलं. नायक सॅम ली चॅनला रस्त्यावर स्केटबोर्ड खेळताना दिसला होता. अशा सिनेमातली गरिबी पुसून टाकली, तर मागे काय राहणार?

मून हा शाळा सोडलेला पोरगा, विंग नावाच्या भाईसाठी वसुली करतो. त्याच्यामागे सतत सिल्व्हेस्टर, बुद्धीने थोडा मागे राहिलेला, सगळ्यांचा मार खाणारा. वसुलीला गेल्यावर एका दाराच्या लोखंडी जाळीपलीकडे मूनला पिंग दिसते. तिची किडनी निकामी झालीय. आणि चौथी सुसान, जिने गच्चीवरून उडी मारलीय. तिची रक्ताने माखलेली दोन पत्रं या तिघांच्या हाती लागतात. मग ती पोचवायची, एवढंच काय ते काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं.

या पोरांना लोक भरकटलेली म्हणतात, पण सिनेमा नीट पाहिला तर पळून गेलेली सगळी माणसं मोठी आहेत. मूनचा बाप दुसऱ्या बाईकडे. आई एक दिवस घर सोडून जाते. पिंगचा बाप कर्ज मागे ठेवून गायब. पोरं तिथेच आहेत, सरकारी वसाहतीच्या त्याच लांबलचक कॉरिडॉरमध्ये. एक प्रसंग तर डोक्यातून जात नाही. बापाचा हिशेब चुकता करायला मून सुरा घेऊन सार्वजनिक मुतारीत शिरतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुसराच एक शाळकरी मुलगा स्वतःच्या बापावर सुरा चालवतो. मून थिजून जातो. चॅन इथे कुणाची बाजू मांडत बसत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका पोचतो.

याच्या उलट ते कब्रस्तान. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या शेकडो कबरी, आणि सुसानची कबर शोधत तिच्या नावाने ओरडणारी ही तिघं. अख्ख्या सिनेमात इतकी मोकळी, इतकी आनंदी ती दुसरीकडे कुठेच नाहीत. नव्या प्रतीत डोंगरावरची ती पांढरी रांग न् रांग दिसते, आणि मधोमध पळणारी तीन इवलीशी पोरं. मोठ्या पडद्यासाठी रचलेली ही फ्रेम आहे, हे मला डिस्कवर पाहिल्यावरच कळलं.

(शेवट आधी कळायला नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

१ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात हा सिनेमा लागला. हस्तांतराचं भाषण, झेंडा, फटाके यातलं काही दाखवायची चॅनला गरज वाटली नाही. सगळी पोरं मेल्यावर रेडिओवर माओंचे शब्द येतात, जग तरुणांचं आहे, असं सांगणारे. ते १९५७ साली मॉस्कोतल्या चिनी विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण. आणि मग निवेदिका तेच वाक्य मँडरिनमधून, म्हणजे चीनच्या अधिकृत भाषेतून, गिरवायला सांगते. कँटनीजमध्ये जगून मेलेल्या पोरांच्या सिनेमाचा हा शेवट पाहून माझ्या पोटात गोळा आला.

हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शक, लोकार्नो चित्रपट महोत्सवात ज्युरींचं विशेष पारितोषिक, असे मान त्याला तेव्हाच मिळाले होते. तरीही पुढे नीट प्रत मिळायला वीस वर्षं लागली. याच बोलोन्याच्या लॅबचा हात आपल्या 'मंथन' या हिंदी सिनेमाच्या रिस्टोरेशनलाही लागलाय. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ते काम केलं आणि २०२४ ला कान महोत्सवात स्मिता पाटील पुन्हा पडद्यावर झळकली. मग मराठीचं काय? ऐंशी-नव्वदच्या दशकातले कितीतरी मराठी सिनेमे आपण आजही टीव्हीसाठी काढलेल्या फिकट प्रतींवर पाहतो. गाजलेल्या चार नावांबरोबरच छोटे, कमी पैशांत केलेले, फारसे न चाललेले सिनेमेही आधी वाचवायला हवेत. त्यांच्या निगेटिव्ह सांभाळायला कुणी मोठा निर्माता बसलेला नसतो.

डिस्क मागवणाऱ्यांसाठी: ब्लू-रे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या रीजनवर ठरतं. भारत सी रीजनमध्ये येतो, बाहेरच्या डिस्क बहुतेक ए किंवा बी असतात, त्यामुळे रीजन-फ्री (सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा) प्लेअर आहे ना ते आधी बघा. आणि टीव्हीतलं नॉइज रिडक्शन (कण पुसणारी सोय) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करूनच सिनेमा लावा. बोलोन्यात जपलेला ग्रेन आपल्या घरी पुसला जाऊ नये.