ऑइल सँड्सचं तेल 'स्वच्छ' झालं म्हणे!

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ऑइल सँड्सबद्दल, म्हणजे बिटुमेन नावाचं डांबरासारखं घट्ट तेल चिकटलेल्या वाळूबद्दल, एक दावा सध्या जोरात फिरतोय: आता खाणी खणत नाहीत, पाणी पुन्हा पुन्हा वापरतात, प्रति बॅरल उत्सर्जन घटलंय, उरलेला कार्बन जमिनीत गाडतात, म्हणजे हे तेल स्वच्छ झालं. यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे.

खाणी खणत नाहीत? अल्बर्टातल्याच फोर्ट मॅकमरे शहराच्या उत्तरेला उघड्या खाणी आजही चालू आहेत. निम्म्याहून अधिक बिटुमेन आता विहिरींतून येतं, हे मात्र खरं. एकाखाली एक अशा दोन आडव्या विहिरी, मध्ये साधारण 5 मीटर अंतर. वरच्या विहिरीतून वाफ सोडली की वाळूला चिकटलेलं बिटुमेन पातळ होऊन खालच्या विहिरीत झिरपतं. जमीन उकरावी लागत नाही, पण एक बॅरल तेलामागे दोन-चार बॅरल पाण्याची वाफ करावी लागते आणि त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. वाफेत सॉल्व्हंट (बिटुमेन पातळ करणारं द्रावक) मिसळून ही गरज कमी करण्याचे प्रयत्न मला मनापासून पटतात. मात्र बहुतेक विहिरी अजून निव्वळ वाफेवरच चालतात.

प्रति बॅरल उत्सर्जन घटलंय, मान्य. पण एकूण? 2005 मध्ये ते वर्षाला सुमारे 35 मेगाटन (1 मेगाटन म्हणजे 10 लाख टन) होतं, 2022 पर्यंत 80 च्या पुढे गेलं. प्रत्येक बॅरलमागे जे वाचलं, ते वाढलेल्या उत्पादनाने कधीच गिळलं.

कार्बन गाडण्याचं म्हणाल, तर एडमंटनजवळचा 'क्वेस्ट' प्रकल्प 2015 पासून वर्षाला साधारण 10 लाख टन, म्हणजे 1 मेगाटन, सुमारे 2 किलोमीटर खोल सोडतो. काम चोख आहे. पण तिथे कार्बन पकडतात तो बिटुमेनवर प्रक्रिया करायला लागणारा हायड्रोजन तयार करताना निघणारा, बऱ्यापैकी दाट. वाफेच्या बॉयलरच्या धुरात तो विरळ असतो, त्यामुळे पकडणं महाग पडतं. तरीही क्वेस्टचंच उदाहरण सगळ्या उद्योगाला लावलं जातं.

पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. खाणीतलं पाणी पुन्हा वापरतात, कारण ते नदीत सोडायची परवानगीच नाही. गाळमिश्रित विषारी पाण्याचे तलाव वाढत वाढत एक लाख कोटी लिटरच्या पुढे गेलेत. त्यातली बारीक माती खाली बसायला दशकं लागतात. याच भागातल्या कर्ल खाणीतून असं पाणी झिरपत असल्याचं 2022 च्या मे महिन्यात दिसलं होतं. अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या फोर्ट चिपेवायनच्या आदिवासींना त्याची नीट कल्पना मिळाली ती 2023 च्या फेब्रुवारीत, तीही आणखी सुमारे 53 लाख लिटर पाणी सांडल्यावर.

राहता राहिला 'स्वच्छ' हा शब्द. जून 2024 मध्ये कॅनडाच्या स्पर्धा कायद्यात बदल झाला आणि पर्यावरणविषयक दाव्यांना पुरावा देणं बंधनकारक ठरलं. मोठ्या ऑइल सँड्स कंपन्यांच्या 'पाथवेज अलायन्स'ने कायद्याच्या अनिश्चिततेचं कारण देत आपल्या वेबसाइटवरचा जवळपास सगळा मजकूर लगोलग उतरवला.