सांधा दगडापेक्षा मऊच हवा

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि गडांच्या डागडुजीचा जुना वाद पुन्हा पेटला. एकजण म्हणतो, बुरूज ढासळतोय, सिमेंट तर सिमेंट, आधी वाचवा. दुसरा म्हणतो, सिमेंट फासण्यापेक्षा पडका बरा. मध्येच कोणी सुनावतो, ‘परदेशात बघा कसं जपतात!’ मी स्कॉटलंडमधल्या एडिनबरात वालुकाश्माच्या जुन्या इमारतीत राहतो, म्हणून या तिसऱ्याला उत्तर देणं भाग आहे.

सिमेंटची चूक इथेही झाली, आणि भरपूर झाली. विसाव्या शतकात दगडांमधले चुन्याचे सांधे खरवडून त्यात सिमेंट भरलं गेलं. वालुकाश्म पाणी शोषतो आणि वारा लागला की सोडतो. चुना त्याहून मऊ, त्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडते, आणि झिजलाच तर सांधा झिजतो; तो पुन्हा भरता येतो. सिमेंटने ही वाट बुजवली की ओल दगडातूनच वाट काढते, क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, आणि हिवाळ्यात पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं. आमच्या मागच्या भिंतीवर सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आल्या आहेत आणि मधला दगड बोटभर आत गेलाय. हात फिरवला की तळव्याला वाळू लागते. पुढे काजळी काढायच्या उत्साहात वाळूचे फवारे आणि रसायनं मारून कित्येक दर्शनी भिंतींची कातडीच सोलली गेली.

म्हणजे संस्कृती त्यांच्या रक्तात आहे वगैरे काही नाही. फरक नंतर पडला. आता सिमेंट काढून पुन्हा चुना भरतात. कुजलेला चिरा तेवढाच कापून त्याच जातीचा नवा बसवतात, तोही खाणीत त्याचे थर जसे आडवे होते तसाच. उभा लावला तर पापुद्रे सुटतात. थंडीत चुन्याचं काम थांबवतात, ओल्या सांध्यांवर गोणपाट टाकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पण ज्याचा फोटो कोणी काढत नाही असं काम म्हणजे पन्हळी साफ ठेवणं. तुंबलेल्या एका पन्हळीखालची भिंत बाकी सगळ्या भिंतींच्या आधी सडते.

आपला काळा कातळ असा भुगा होत नाही, हे खरं. पण त्याच्या भिंतीचं पोट चुन्याचं असतं. बाहेरून सिमेंटने कोंडलं की आत मुरलेलं पाणी ते पोट फुगवतं. कोकणातला जांभा तर वालुकाश्मासारखाच पाणी पितो. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून सुमारे दहा लाख किलो सिमेंट काँक्रीट काढून पुन्हा चुना घातला गेला, म्हणजे आपल्याकडचे कारागीर हे करू शकतात. कित्येक गडांवर चुन्याचे घाणे आजही पडून आहेत.

वाड्यांची अडचण वेगळी: वारसदार अनेक, खर्चाला कोणीच तयार नाही. स्कॉटलंडमध्ये 2004 च्या कायद्याने सामाईक छप्पर-भिंतींच्या दुरुस्तीचा निर्णय बहुमताने घेता येतो आणि खर्च सगळ्यांवर बसतो. भांडणं होतात, पण छप्पर शाकारलं जातं. आपल्याकडे वाद घालायचाच तर असा कायदा आणि निविदेतली चुन्याची, दरवर्षी पावसाळ्याआधीच्या देखभालीची अट यावर घाला.