सप्त-अंबर, अष्ट-अंबर आणि बाकीच्या थापा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. मजकूर साधारण असा : १ जानेवारी हे ख्रिश्चनांचं, इंग्रजांचं नववर्ष. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं ‘सप्त-अंबर, अष्ट-अंबर’वरून आली, म्हणजे जगाने आपल्या चैत्राची नक्कल केली. आर्थिक वर्षही त्यामुळेच एप्रिलपासून. कॅलेंडर बदलल्यावरही चैत्रात वर्ष साजरं करणाऱ्यांची टिंगल म्हणून ‘एप्रिल फूल’ निघालं. जानेवारीत निसर्गात काही नवं नसतं, ३१ डिसेंबर म्हणजे नुसता दारूचा दिवस. तेव्हा कुणी शुभेच्छा दिल्या तर ठणकावून सांगा, आमचं नववर्ष गुढीपाडव्याला!

गुढी आमच्याही दारात उभी राहते, कडुनिंबाचा पाला तोंड वाकडं करत का होईना आम्हीही खातो. पाडव्याशी भांडण नाही. भांडण या थापांशी आहे.

‘सप्टेंबर म्हणजे सप्त-अंबर.’ यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच ते पटकन गळी उतरतं. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्यामुळे सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा, इथवर बरोबर. पण ते आकडे लॅटिन आहेत : सेप्तेम, ऑक्टो, नोवेम, देकेम. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या. दोन बहिणींचे चेहरे मिळतेजुळते असले म्हणून एकीने दुसरीचा चोरला असं होत नाही. आणि मेसेजवाल्यांना जुलै-ऑगस्ट कधी आठवत नाहीत. त्यांची आधीची नावं क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस, म्हणजे पाचवा आणि सहावा. पैकी पाचवा इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या नावे झाला, सहावा इ. स. पूर्व ८ मध्ये ऑगस्टसच्या. सगळा मामला रोमचा, त्यात चैत्र कुठे आला? याच मेसेजच्या शेपटीला कधी कधी ‘एक्स-मस म्हणजे दहावा महिना’ असंही असतं. तो ‘एक्स’ रोमन दहा नव्हे, ग्रीकमधल्या ‘ख्रिस्तोस’चं पहिलं अक्षर आहे. पुढे जाऊ.

‘ख्रिश्चनांचं, इंग्रजांचं नववर्ष.’ रोमचे कॉन्सल, म्हणजे तिथले वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, १ जानेवारीला पदभार घेऊ लागले ते इ. स. पूर्व १५३ मध्ये. सीझरने सुधारलेली दिनदर्शिका लागू झाली इ. स. पूर्व ४५ मध्ये. येशूचा जन्म व्हायचा होता. उलट, पुढे ख्रिस्ती झालेल्या युरोपात कित्येक शतकं वर्ष कुठे २५ मार्चला बदलायचं, कुठे नाताळला, कुठे ईस्टरला. पाश्चात्त्य चर्चचं उपासनेचं वर्ष आजही नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं, १ जानेवारीला नाही.

इंग्रजांची तर आणखी गंमत. त्यांचं कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चलाच सुरू व्हायचं. त्याच वर्षी त्यांनी कॅलेंडरमधले अकरा दिवसही गाळले आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. ज्यांना शिवकालीन इंग्रजी पत्रव्यवहार चाळायची हौस आहे त्यांनी तारखा नीट बघाव्यात. जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांवर ‘१६७०/७१’ असं जोडवर्ष दिसतं, कारण वखारीतल्या कारकुनाच्या हिशेबी नवं साल अजून लागलेलंच नसायचं. शिवाजी महाराजांच्या काळातले इंग्रजच कागदोपत्री ज्या १ जानेवारीला नवं साल धरत नव्हते, ते म्हणे इंग्रजांचं नववर्ष.

‘आर्थिक वर्ष चैत्रामुळे एप्रिलपासून.’ भारतात सरकारी हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला आलं १८६७ मध्ये. आधी ते १ मे ते ३० एप्रिल होतं, ब्रिटिश सरकारच्या हिशेबाशी जुळावं म्हणून बदललं. म्हणजे मेसेज ज्याला चैत्राचा विजय म्हणतो तो विलायतेचा आदेश. शिवाय पाडवा १ एप्रिलला कुठे असतो? २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२६ मध्ये १९ मार्चला. आणि आपल्याकडच्या पारंपरिक व्यापाऱ्याला विचारा, नवी वही तो कधी पुजतो. दिवाळीत.

‘एप्रिल फूल’. १ एप्रिलला नोकराला फुकटचे हेलपाटे घालायला लावणाऱ्या धन्याची एक फ्लेमिश कविता १५६१ मधली आहे. ज्या कॅलेंडर-सुधारणेवर मेसेज खापर फोडतो ती, पोप ग्रेगरीची, १५८२ ची. या प्रथेचा उगम अभ्यासकांनाही पक्का सापडलेला नाही, पण ग्रुपवर तो सापडतो.

‘जानेवारीत निसर्गात काही नवं नसतं.’ चैत्रात पालवी फुटते, हे मान्य. गावाकडे सालगड्याचं सालही पाडव्यालाच बदलतं, त्या माणसासाठी ते खरोखरचं नवं वर्ष असतं. मेसेजमध्ये मात्र त्याचा उल्लेख नसतो, तिथे ‘दिवस-रात्र समान असण्याचं विज्ञान’ असतं. विषुवदिन २०-२१ मार्चच्या आसपास. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून पाडवा पुढेमागे सरकतो आणि अधिक महिना टाकून त्याला जागेवर आणावं लागतं. २०२४ मध्ये तो विषुवदिनापासून जवळपास तीन आठवडे लांब होता. पंचांगकर्त्यांनी हे गणित शतकानुशतकं चोख सांभाळलंय, त्यांना खोट्या विज्ञानाच्या कुबड्यांची गरज नाही.

शिवाय ‘आमचं’ म्हणजे कुणाचं? गुजरातचं वर्ष कार्तिकात, कच्छचं आषाढी बीजेला, तमिळनाडूचं आणि बंगालचं एप्रिलच्या मध्यावर सौर गणिताने, केरळच्या कोल्लम वर्षाची सुरुवात ऑगस्टच्या मध्याला. उत्तर भारतात महिने पौर्णिमेला संपतात, तेव्हा होळीनंतर तिथला चैत्र लागतो आणि वर्ष मात्र पंधरवड्याने, शुक्ल प्रतिपदेला बदलतं. महिना निम्मा सरल्यावर नवं साल! यातलं कुणाचं खोटं? कुणाचंच नाही. शेतकरी मृग धरतो, शाळा जून धरते, आणि आपण एकादशी कधी आहे हे ज्या ‘कालनिर्णय’मध्ये बघतो ते १९७३ पासून जानेवारीतच भिंतीवर चढतं. मेसेज पाठवणारे काकाही पाडव्याची तारीख त्यातच बघतात.

‘३१ डिसेंबर म्हणजे दारू आणि धिंगाणा.’ इथे मेसेजला थोडी जमीन आहे. रात्री बारानंतरचा डीजे, पिऊन गाडी हाकणारे, नाकाबंदीवर थंडीत कुडकुडणारे पोलीस, हॉटेलात पहाटेपर्यंत उष्टी उचलणारी पोरं, यावर बोलायलाच हवं. पण मग गटारीवरही बोला. दीप अमावास्येची गटारी इंग्रजांनी केली नाही. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांवर संस्कृतीचा शिक्का असला म्हणून कान कमी बधिर होत नाहीत.

आणि १ जानेवारी महाराष्ट्रात कुणाचाच नाही हेही खरं नाही. १८१८ मध्ये त्या तारखेला कोरेगाव भीमाची लढाई झाली, १९२७ मध्ये त्याच तारखेला डॉ. आंबेडकर तिथल्या विजयस्तंभापाशी गेले, आणि आज दरवर्षी लाखो माणसं तिथे जातात. ‘आमचं’ म्हणताना ही माणसं यादीतून का गळतात, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘शुभेच्छा दिल्या तर ठणकावून सांगा.’ हा भाग सगळ्यांत वाईट. लिफ्टमध्ये चौथीतली पोरगी ‘हॅपी न्यू इयर आजोबा’ म्हणते आणि आजोबा तिला शालिवाहन शक समजावायला लागतात. ती चौथ्या मजल्यापर्यंत बुटांकडे बघत राहते. तिला ‘तुलाही गं’ म्हटलं असतं तर चैत्र काही रद्द झाला नसता.

कुणाला स्वदेशी तारीख खरंच वापरायची असेल तर ती सोय केव्हाची आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, लागू झाली. भारताच्या राजपत्रावर ती तारीख छापतात. चेकवर ती लिहिली तरी बँकेने तो स्वीकारावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. २०२६ ची १ जानेवारी म्हणजे ११ पौष शके १९४७. कॅशियरने चष्म्यावरून बघितलं तर त्याला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक दाखवा, हा मेसेज नको.