मुदतवाढीला विरोध म्हणजे देशाला विरोध नव्हे

आणीबाणीचा विषय निघाला की सीमाभागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. सुरक्षेच्या खास कायद्यांना मुदतवाढ नाकारणाऱ्या खासदारांनी देश वाऱ्यावर सोडला, असे कायदे तात्पुरतेच असतात आणि निरपराध माणसाने त्यांना भिण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय आहे.

पहिला आरोप इतिहासाला धरून नाही. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा ते परतवण्याचा ठराव लोकसभेने एकमताने संमत केला. आपण बेळगावकर ज्यांना आपले मानतो ते नाथ पै तेव्हा त्याच सभागृहात प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार होते. विरोधकांचा आक्षेप होता तो चीनने २१ नोव्हेंबरला युद्धविराम केल्यानंतरही त्या युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी उठेना याला. ती उठायला १० जानेवारी १९६८ उजाडावे लागले. मध्ये १९६५ चे युद्ध झाले हे खरे, पण त्याआधीची पावणेतीन आणि नंतरची सव्वादोन वर्षे बहुतांशी शांततेची होती.

‘तात्पुरते’ या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की, खटल्याविना डांबून ठेवू देणारा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९५० मध्ये एका वर्षासाठी आला आणि १९६९ अखेरपर्यंत राहिला.

निरपराधाला भय नाही, हे वाक्य मात्र मला झोंबते. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची एक नोव्हेंबरची मूक सायकल फेरी जवळ आली की आमच्या दारात हवालदार उभा राहायचा. माझे वडील चष्मा पुसून कानडीतली नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेत आणि शांतता राखण्याच्या हमीपत्रावर सही करत. त्यांच्यावर एकही गुन्हा नव्हता. तो साधा कायदा होता, त्याला न्यायालयात दाद तरी होती. खास कायद्यात अटक आधी होते आणि कारण नंतर शोधले जाते. १९६५ मध्ये समाजवादी नेते राममनोहर लोहियांना आणीबाणीतल्या भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले, तेव्हा आदेशात ‘कायदा आणि सुव्यवस्था’ असे कारण लिहिलेले होते. नियमात मात्र ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने या दोहोंतला फरक मान्य करून त्यांची सुटका केली. लोहियांसाठी न्यायालय होते; खेड्यातल्या कार्यकर्त्याला तिथवर कोण नेणार?

‘तात्पुरत्या’ म्हणवल्या गेलेल्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याचेही स्थानबद्धता कायद्यासारखेच झाले. १९८५ मध्ये दोन वर्षांसाठी आलेला तो कायदा वाढत वाढत दहा वर्षे चालला. १९९५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष, माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा यांनी सर्व खासदारांना पत्र लिहून मुदतवाढ देऊ नका, असे कळकळीने सांगितले, आणि त्या मे महिन्यात टाडा संपला. मुदतवाढ नाकारणारा प्रत्येक जण देशविरोधी ठरवायचा, तर माजी सरन्यायाधीशांचे नावही त्या यादीत घालावे लागेल.