खाली फक्त नाव टाक

डेन्व्हरच्या एका मित्राने मागच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्र धाडलं. तो आमच्याच इंजिनिअरिंगच्या बॅचचा, मूळचा पुण्याचा, आणि अमेरिकेत आल्यापासून स्कीइंगने पुरता झपाटलेला. त्याच्या घरापासून तासाभरावरच्या एका स्कीच्या डोंगरावर नवी लिफ्ट, बर्फ तयार करणारी जास्तीची यंत्रं आणि मोठा वाहनतळ करायचं घाटतंय. जमीन सरकारी जंगलाची आहे, म्हणून लोकांची मतं मागवली आहेत. पत्र तयारच होतं: 'या सुधारणांना माझा मनापासून पाठिंबा आहे.' सोबत मित्राची ओळ: "वाचत बसू नकोस गं, खाली फक्त नाव टाक आणि पाठव. आकडा दिसला पाहिजे."

मी वाचत बसले. नाशिकची माणसं असल्या बाबतीत जरा हट्टीच असतात.

अमेरिकेतले शंभराहून जास्त स्की डोंगर राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर आहेत. लिफ्ट कंपनीची, कॅन्टीनही कंपनीचं, पण डोंगर जनतेचा. १९८६च्या कायद्याने कंपनीला जास्तीत जास्त ४० वर्षांचा परवाना मिळतो आणि त्यापोटी ती साधारण उत्पन्नाच्या दीड ते चार टक्के भाडं भरते. २०११च्या दुसऱ्या कायद्याने उन्हाळ्यात झिपलाइन, सायकलच्या वाटा असलं काही करायलाही परवानगी मिळाली. मात्र गोल्फ, टेनिस कोर्ट, वॉटर स्लाइड चालणार नाहीत, हेही त्याच कायद्यात नाव घेऊन लिहिलंय. लोणावळ्याला सुट्टीत जाऊन आलेल्या कुणीतरी तो मसुदा लिहिला असावा, असं मला उगीचच वाटतं.

माझी अडचण 'सुधारणा' या शब्दाशी आहे. सुधारणेला नाही कोण म्हणणार? आणि मी काही स्कीइंगच्या विरोधातली बाई नव्हे. आम्ही फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. दर हिवाळ्यात दोनतीनदा अडीच-तीन तास गाडी हाकत फ्लॅगस्टाफच्या स्नोबोल या स्कीच्या ठिकाणी जातो. मला स्कीवर नीट उभं राहता येत नाही, पण लेक भन्नाट घसरते.

ज्या डोंगरावर ती घसरते त्याचं नाव सॅन फ्रान्सिस्को पीक्स. त्या शहराचा इथे काही संबंध नाही. अ‍ॅरिझोनातलं सगळ्यात उंच शिखर इथलंच, १२,६३३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. नावाहो, होपी धरून तेरा आदिवासी जमाती या डोंगराला पवित्र मानतात. औषधी वनस्पती इथून नेतात, इथे प्रार्थना करतात. स्कीइंग इथे १९३८पासून आहे. पण वाळवंटी राज्यातलं हिमवर्षावाचं गणित बेभरवशाचं. २००१-०२च्या हंगामात स्नोबोल जेमतेम चार दिवस चाललं. चार दिवसांच्या धंद्यावर वर्षभराच्या लिफ्टचा खर्च कसा निघायचा, हा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून ठरलं की बर्फ आपणच करायचा. पाणी कुठलं? फ्लॅगस्टाफ शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, दिवसाला १५ लाख गॅलनपर्यंत.

२००५मध्ये वनसेवेने, म्हणजे राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने, मंजुरी दिली. आदिवासी कोर्टात गेले. दवाखान्यांतून, शवागारांतून वाहत आलेलं पाणी आमच्या देवाच्या अंगावर शिंपडणार का, असा त्यांचा सवाल होता. २००७मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यात असं म्हटलं होतं की, बाप्तिस्मा सांडपाण्यातून काढलेल्या पाण्याने करा असं सरकारने फर्मावलं तर ख्रिस्ती माणसाला कसं वाटेल, याची कल्पना करा. पुढच्याच वर्षी त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. डोंगरावर जायला तुम्हाला कुणी अडवत नाही, दुखावतात त्या फक्त भावना, असा त्याचा मथितार्थ. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. २०१२च्या डिसेंबरात यंत्रं सुरू झाली.

बाप्तिस्म्याचं ते वाक्य वाचताना मला कुशावर्त दिसलं. त्र्यंबकेश्वरच्या कुंडात कुणी टँकर लावून प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडायचं ठरवलं तर? गाव पेटेल. (खाली नाशकात आपण प्रक्रिया न केलेलंही गोदावरीत सोडतो, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागत नाही, ही गोष्ट वेगळी.)

माझी आजी तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची. अनवाणी, भर पावसात, गुडघ्याएवढ्या चिखलातून, हातात काठी आणि पिशवीत राजगिऱ्याचे लाडू. मी एकदाच गेले, आठवीत असताना, आणि अर्ध्या वाटेत रडले. त्याच ब्रह्मगिरीपासून अंजनेरीपर्यंत आता सुमारे पावणेसहा किलोमीटरचा रोपवे करायची योजना आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. जगात फार थोड्या जागी सापडणारं एक कंदीलपुष्प त्या डोंगराच्या नावाने ओळखलं जातं. २०१७पासून ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. घरच्या ग्रुपवर यावरून दोन तट आहेत. काका म्हणतो, म्हाताऱ्या माणसांनी वर जायचंच नाही का? मामेबहीण म्हणते, गिधाडांनी कुठे जायचं? काका चुकीचा नाही. आजीला शेवटची सात वर्षं ब्रह्मगिरी खालूनच बघावा लागला.

घरी दुसराही वाद चालू आहे, तपोवनातल्या झाडांचा. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी अठराशेच्या आसपास झाडं तोडायचा प्रस्ताव आला, हरकती मागवल्या, सुनावणीत गोंधळ झाला. त्याआधीचं आरे आठवा. ऐंशी हजारांच्या घरात हरकती गेल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती.

मग अमेरिकेत लोकांना विचारतात आणि आपल्याकडे विचारत नाहीत, असं लिहून मोकळं व्हावं का? परदेशातून लिहिणाऱ्यांचा हा आवडता छंद, पण मला तो जमत नाही. स्नोबोलच्या वेळी आदिवासींना विचारलं होतं. बैठका झाल्या, जाडजूड अहवाल निघाला, त्यांचं म्हणणं त्यात नोंदवलंही गेलं. 'या जमातींना याचा त्रास होईल' हे सरकारच्या कागदावर आलं, आणि मग मंजुरी देण्यात आली. विचारणं आणि ऐकणं यांत किती अंतर असतं ते पाहायचं असेल तर तो अहवाल वाचावा.

तरीही एक फरक आहे. इथे लोकांनी पाठवलेली सूचना म्हणजे मतदान नव्हे. वनसेवा तसं स्पष्टच सांगते. एकाच मजकुराची दहा हजार पत्रं आली तरी त्यातला मुद्दा एकच धरला जातो. उलट एखाद्याने लिहिलं की नव्या वाहनतळाच्या जागी पाणथळ आहे आणि तिथे जूनमध्ये बेडूक असतात, तर मोठ्या प्रकल्पाच्या अंतिम अहवालात त्याला लेखी उत्तर द्यावं लागत आलंय. आणि ज्याने वेळेत मुद्देसूद लिहिलं त्यालाच साधारणपणे पुढे आक्षेप नोंदवता येतो. म्हणजे मित्राचं तयार पत्र एका अर्थी वायाच. आकडा दिसतो तो वर्तमानपत्रात.

उत्तर लेखी असलं की ते पकडता येतं. स्नोबोलच्या बाबतीत पुढे प्रश्न आला की मुलांनी हा बर्फ खाल्ला तर काय? त्यावर स्वतंत्र दावा झाला आणि कोर्टाने वनसेवेचे कागद काढून तपासले. २०१२मध्ये कोर्ट म्हणालं, पुरेसा विचार केलेला आहे. दावा करणारे हरले. पण निदान कुठल्या पानावर काय विचार केला हे बघता तरी आलं. माझ्या मावसभावाने घरासमोरच्या वडासाठी दिलेल्या हरकतीचं काय झालं, विचारा. त्याच्याकडे पोच आहे, गोल शिक्का मारलेली. वड नाही.

म्हणून घरच्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की सह्या गोळा करण्यात सगळी ताकद घालवू नका. रोपवेला पाठिंबा असो की विरोध, प्रत्येक मुद्द्याला लेखी, सकारण उत्तर मागा, आणि ते मिळेपर्यंत कुदळ नको म्हणा. गिधाडांच्या विणीच्या काळात रोपवे बंद राहील का, हे काकानेही विचारायला हवं. पाठिंबा देणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात, हे कुणी ठरवलं?

इथलं चित्रही आता बदलतंय. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यावरण अहवालांच्या बाबतीत कोर्टांनी सरकारी खात्यांच्या निर्णयात फार हात घालू नये. त्या खटल्यातला एक पक्ष म्हणजे कोलोराडोतला ईगल परगणा, व्हेलच्या प्रसिद्ध स्की डोंगराचा. नंतर जुलैत कृषी खात्याने, ज्याच्या हाताखाली वनसेवा येते, आपले नियम छाटले. बऱ्याच प्रकरणांत लोकांची मतं मागवणं आता पूर्वीसारखं बंधनकारक राहिलं नाही. ज्या गोष्टीचा दाखला देऊन मी मामेबहिणीला उपदेश करते, ती माझ्या डोळ्यांदेखत बारीक होतेय.

मित्राला मी नाही म्हटलं नाही. स्वतःचं पत्र लिहिलं. लिफ्टला हरकत नाही, जुनी लिफ्ट काढून त्याच रेषेत घालत असाल तर. बर्फासाठी पाणी कुठल्या ओढ्यातून, कुठल्या महिन्यात, किती घेणार ते सांगा. तो डोंगर आधी ज्यांचा होता त्या जमातींशी काय बोलणं झालं तेही सांगा. पाठवायच्या आधी मित्राला दाखवलं. त्याचं उत्तर आलं: "हा पाठिंबा आहे की उलटतपासणी?" मी लिहिलं, दोन्ही. त्याने अंगठा पाठवला. तो कसला अंगठा होता कोण जाणे.

परवा शनिवारी आम्ही पुन्हा स्नोबोलला गेलो. त्या दिवशी ढग नव्हते. डोंगर तपकिरी आणि उतारावर मधोमध पांढरा पट्टा, धोतराच्या काठासारखा. बाजूला यंत्रं घरघरत होती. लेकीने हातमोज्यात बर्फ दाबून गोळा केला आणि म्हणाली, "आई, यावर कालाखट्टा हवा होता ना?" मी तो तिच्या हातातून काढून घेतला. "का?" म्हणाली. गाडीत सांगते म्हटलं. फ्लॅगस्टाफ मागे पडेपर्यंत ती झोपून गेली होती.