दहा शब्दांचा रतीब

महाराष्ट्रात शाळा सुरू झाल्या की इंग्रजी शब्द कसे शिकवावेत, हा तिकडचा तोच वाद फिरत फिरत इथे इंग्लंडमध्ये माझ्यापर्यंत येतो. एक बाजू म्हणते, आठवी ते दहावीच्या मुलांकडून रोज दहा अवघड इंग्रजी शब्द पाठ करून घ्या, वर्षाला साडेतीन हजारांच्या वर जातात. दुसरी म्हणते, वर्गात मराठी येऊच देऊ नका, इंग्रजी आपोआप येईल. दोन्ही ऐकून चीड येते. शब्द येणं म्हणजे नक्की काय, हे ठरवायची तसदी दोघांपैकी कुणीच घेत नाही.

त्या याद्या उघडून बघा. ‘थिन’, ‘स्लेंडर’, ‘स्किनी’, ‘इमेशिएटेड’ एकाच ओळीत, समोर अर्थ ‘सडपातळ’. मुलगी मन लावून पाठ करते आणि निबंधात लिहिते की स्टेजवर नाचणारी ताई ‘इमेशिएटेड’ दिसत होती. इमेशिएटेड म्हणजे उपासमारीने किंवा आजाराने खंगलेली. तिच्या मेहनतीत खोट नव्हती, यादीनेच तिला फसवलं. जवळच्या अर्थाचे शब्द एकदम दिले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. ‘इम्प्लाय’ (आडून सुचवणं) आणि ‘इन्फर’ (त्यावरून ताडणं) एकाच दिवशी शिकवले तर महिन्याभराने कुठला बोलणाऱ्याचा आणि कुठला ऐकणाऱ्याचा, हे मुलांना सांगता येत नाही. एक आधी मुरू द्यावा, दुसरा दोन-तीन आठवड्यांनी आणावा.

इथे इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या, चांगल्या वर्गात आठवड्याला पाच-सहा शब्द होतात, तेही चालू असलेल्या धड्यातले. निवडीची कसोटी सोपी आहे: हा शब्द इतिहासात, विज्ञानात, बातमीतही भेटेल का? ‘सिग्निफिकंट’, ‘मिटिगेट’ (तीव्रता कमी करणं), ‘रिलक्टंट’ भेटतात. ‘फोटोसिंथेसिस’ त्याच्या तासाला शिकता येतो. भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या इंग्रजीतली जी यादी काढली, तिच्यात 570 शब्दकुळं (एक शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) आहेत. आठवड्याला सहा धरले तरी तीन शालेय वर्षांत ती पुरी होतात. साडेतीन हजारांची घाई कशासाठी?

‘तुमच्याकडे इंग्रजीचं वातावरण आहे’ हे तिकडून येणारं उत्तर मला पाठ झालंय. वातावरणातून बोलण्याचं इंग्रजी येतं. जेवताना ‘मिटिगेट’ कुणी म्हणत नाही. ईएएलच्या, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांइतकाच तो घरी इंग्रजीच बोलणाऱ्यांनाही शिकवावा लागतो, नाहीतर जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेच्या) पेपरात त्यांचंही अडतं.

एका शब्दाला पंधरा मिनिटं द्यावीत. ‘रिलक्टंट’ घ्या. आधी उच्चार, तीन तुकडे पाडून, सगळ्या वर्गाने मोठ्याने. स्पेलिंग त्याच तुकड्यांनी. मग अर्थ, पण एका प्रतिशब्दात उरकू नये: करायचं मनात नाही, तरी करावं लागेल म्हणून पाय मागे ओढणारा. दोन उदाहरणं, आणि एक न बसणारं: ठाम नकार देणारा रिलक्टंट नव्हे. मग कुळ, रिलक्टंटली आणि रिलक्टन्स. मग सोबती: ‘रिलक्टंट टू ॲडमिट’. ही पायरी गाळली की ‘रिलक्टंट फॉर ॲडमिटिंग’सारखी वाक्यं येतात, शब्द बरोबर, इंग्रजी चूक. शेवटी मुलांनी आपलं वाक्य ‘बिकॉज’ घालून पुरं करायचं. कारण द्यावं लागलं की अर्थ कळलाय की नाही ते लगेच दिसतं.

त्यानंतरचं काम उजळणीचं, आणि खरी गळती तिथेच होते. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी तोच शब्द पुन्हा विचारावा, वही मिटून. अर्थ सांगून शब्द लिहायला लावावा. नुसता शब्द दाखवून अर्थ विचारला तर मुलं ओळखतात, पण लिहिताना तो हाताशी येत नाही.

आणि मराठी वर्गाबाहेर कशाला? उपसर्ग-प्रत्यय मराठी शाळेत व्याकरणात शिकवतातच. ‘परिमिती’ येणाऱ्या मुलाला ‘पेरिमीटर’ फोडून दाखवा: परि आणि पेरी सख्खी भावंडं आहेत. ‘दुर्’ आणि ‘डिस्फंक्शन’मधला ग्रीक ‘डिस्’ तसेच. हा ठेवा इथल्या मुलांकडे नाही.

वहीत एक रकाना मराठीचा असावा, आणि त्यात पहिलाच सुचलेला शब्द लिहू नये. ‘रिझेंटमेंट’ला मुलं ‘राग’ लिहितात. राग येतो आणि जातो. ही भावना आपल्यावर अन्याय झाला असं वाटून आत साठून राहते. ‘सल’ जवळ जातो, पण त्यात समोरच्यावर रोख नाही. ‘आकस’मध्ये रोख आहे, पण आकस धरणाराच दोषी ठरतो. दहा मिनिटं असं झगडलं की ‘रिझेंटमेंट’ पक्का बसतो. हा झगडा मराठीतच होऊ शकतो, आणि तो तिकडच्या वर्गात होऊ शकतो, इथल्या नाही. इतकी वर्षं इंग्रजीत काम केल्यावर ‘रिझेंटमेंट’ मला चटकन सुचतो, ‘आकस’साठी थांबावं लागतं. मराठी वर्गाबाहेर काढा असं कुणी म्हटलं की म्हणूनच ते मला इतकं लागतं.